जनुकीय माहितीचे विश्लेषण : वेब सेवा आणि वर्कफ्लो

डीएनए वाचणाऱ्या आजच्या बहुतेक यंत्रांतून जीवाणूचा जनुकसंच अखंड बाहेर पडत नाही. बाहेर पडतात ते लाखो छोटे तुकडे, आणि त्यांतल्या प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या खात्रीलायकतेचा गुण. गुण 20 असेल तर अक्षर चुकण्याची शक्यता शंभरात एक, 30 असेल तर हजारात एक.

म्हैसूर येथे 1950 साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी इडलीच्या आंबलेल्या पिठातला एखादा जीवाणू अभ्यासायचा असेल, तर या तुकड्यांपासून निष्कर्षापर्यंत बरेच टप्पे पार करावे लागतात. आधी कमी गुणांचे तुकडे गाळायचे, मग उरलेले जुळवून सलग क्रम उभा करायचा, त्यात जनुके शोधायची, ज्ञात जनुकांशी ताडून त्यांचे कार्य ठरवायचे आणि शेवटी जीवाणूची वंशावळ मांडायची. प्रत्येक टप्प्याची आज्ञावली निराळी, तिच्या फाइलची मांडणीही निराळी. एकीचा निकाल हाताने उचलून दुसरीत भरताना चुका शिरतात, आणि नेमके काय केले याची नोंदही राहत नाही.

या अडचणीवरचा पहिला उपाय म्हणजे वेब सेवा. संकेतस्थळावरचे पान माणसासाठी असते. वेब सेवेत मात्र एक संगणक दुसऱ्याकडे थेट मागणी नोंदवतो आणि उत्तर घेतो. त्यामुळे जनुकक्रमांचे अवाढव्य संग्रह आणि 1990 साली आलेल्या ब्लास्टसारखी तुलनेची साधने प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःकडे बाळगावी लागत नाहीत. अमेरिकेतील एनसीबीआय आणि युरोपातील ईबीआय या संस्था अशा सेवा पुरवतात. सर्वांना वाटा मिळावा म्हणून त्यांवर मर्यादाही असतात. एनसीबीआयच्या ई-युटिलिटीज सेवेकडे नोंदणीकृत किल्लीशिवाय सेकंदाला 3 आणि किल्लीसह 10 मागण्या करता येतात. सेवा दुसऱ्याच्या हाती असते, हे मात्र विसरून चालत नाही. याच संस्थेने 2015 मध्ये सोप या जुन्या पद्धतीची सेवा बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या बदलणे भाग पडले.

दुसरा उपाय वर्कफ्लोचा. त्यात टप्पे, त्यांचा क्रम आणि कोणाचा निकाल कोणाला लागतो हे संबंध एकदाच लिहून ठेवतात. एकमेकांवर अवलंबून नसलेले टप्पे प्रणाली एकाच वेळी चालवते. मध्येच काही बिघडले, तर झालेले काम पुन्हा न करता तिथून पुढे जाते. मँचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने घडलेल्या टॅव्हर्ना या प्रणालीत चौकटी जोडून वेब सेवांची साखळी रचता येई. 2005 मध्ये आलेल्या गॅलक्सीने हे काम ब्राउझरमध्ये आणले आणि प्रत्येक पायरीचा इतिहास आपोआप जपला. स्नेकमेक (2012) आणि नेक्स्टफ्लो (2013) यांत वर्कफ्लो मजकुराच्या रूपात लिहितात, म्हणून त्यातला प्रत्येक बदल तपासता येतो.

पुण्यातील सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेने 'अन्वय' ही वर्कफ्लो प्रणाली घडवली. तिच्यावरचा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. साधनांमधली माहितीची ने-आण करणारे पर्ल भाषेतले दुवे तिच्यातच आहेत, शिवाय जनुकसंचाचे कार्यनिदान, वंशवृक्ष अशा नेहमीच्या कामांसाठी 11 तयार वर्कफ्लो आहेत. अशा विश्लेषणाची ताकद आज्ञावली न लिहिणाऱ्या जीवशास्त्रज्ञापर्यंत पोहोचवणारे हे मोलाचे काम आहे.

समान पद्धतीची निकड कोविडकाळात ठळक झाली. कोविड विषाणूचे जनुकक्रम तपासण्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या इन्साकॉग या प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय जाळ्यात सुरुवातीला पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांच्यासह 10 प्रयोगशाळा होत्या. एका ठिकाणचा विषाणूप्रकार दुसऱ्या ठिकाणच्या प्रकाराशी ताडायचा, तर गाळणीचे निकष आणि नामकरणाची आवृत्ती सारखीच हवी. असा डेटा एकत्र साठवण्यासाठी नोव्हेंबर 2022 मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे 4 पेटाबाइट साठवण आणि 'ब्रह्म' ही संगणन यंत्रणा तिथे एकत्र आहे.

वर्कफ्लो चुकीचा निकषही तितक्याच निष्ठेने पुन्हा पुन्हा राबवतो. निकष निवडण्याची जबाबदारी शास्त्रज्ञाचीच राहते. म्हणून निष्कर्षासोबत चार गोष्टी जपायला हव्यात : मूळ डेटा, प्रत्येक साधनाची आवृत्ती, वापरलेले निकष आणि संदर्भसंग्रह कोणत्या तारखेचा होता त्याची नोंद. साधने त्यांच्या परिसरासह डॉकरसारख्या कंटेनरमध्ये बांधून ठेवली, तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच विश्लेषण पुन्हा करून निष्कर्ष पडताळता येतो.