रकान्यांचा घोळ

बँकेत ३६ वर्षं खातेवह्या लिहिल्या, पण रकाना कधी चुकला नाही. आखणीचा रूळ आणि लाल शाई असली की आकडा आपल्या जागी बसायचा, पंक्तीतल्या पाहुण्यासारखा. निवृत्तीनंतर सोसायटीचं खजिनदारपद मानगुटीवर बसलं आणि भाचीनं कौतुकानं पायथन शिकवलं.

प्रोग्राम साधाच. नावाला २० घरं, थकबाकीला ९, जमेला ९. नाव लहान असलं तर उरलेली घरं यंत्र कोरी सोडतं. इंग्रजीत करून पाहिलं, पलटण उभी राहावी तशी रांग! पण मराठी माणसांची यादी मराठीतच हवी, नाही का? छापली आणि न वाचताच (आणि हेच करू नका म्हणून मी ज्युनिअरांना आयुष्यभर छळलं) जिन्याखालच्या फळ्यावर लावली.

संध्याकाळी कृष्णाजी क्षीरसागर दारात. हा गृहस्थ दर महिन्याच्या १ तारखेला चेक आणून देतो. त्यांचे ४,८०० रुपये चक्क थकबाकीखाली! "२२ वर्षांत एक पैसा बाकी ठेवला असेल तर दाखवा," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

भाचीला फोन लावला. "मामा, ते अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतं." म्हणजे 'क्षी' हे माझं एक अक्षर, यंत्राच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून ४! कागदावर मांडलं. 'कृष्णाजी क्षीरसागर' माझ्या मोजणीनं मधल्या जागेसकट ९ घरं, यंत्राच्या मोजणीनं १८. म्हणून त्यानं पुढं दोनच घरं कोरी सोडली आणि उरलेली ओळ ९ घरं डावीकडं घसरली. थकबाकीची कोरी जागा नावाच्या पोटात गेली, जमा तिच्या पाटावर येऊन बसली. 'रमण पवार' यांचा फरक अवघा एका घराचा. त्यांची तीन महिन्यांची खरी थकबाकी जागच्या जागी, आणि ते हसतमुख.

काना-मात्रा वजा करून पाहिल्या. तरी क्षचं पोट रपेक्षा मोठं, रांग डुलायचीच. शेवटी आकडे आधी घेतले आणि नावं शेवटच्या रकान्यात टाकली. त्यांच्या पलीकडं सरकायला कोणी उरलंच नाही.

नवी यादी घेऊन स्वतः क्षीरसागरांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वाचलं, आत चहा सांगितला. मग म्हणाले,

"हिशेब बरोबर आहे. पण माझं नाव शेवटी का हो टाकलंत?"