लॅपटॉपचा ताप

नागपूरचा मे महिना. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी गच्चीकडची भिंत तापलेलीच होती. हॉलमध्ये कूलर घरघरत होता आणि जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपचा पंखा त्याच्याही वरताण आवाज करत होता.

थोरली आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी कॉलेजात तिच्या प्रकल्पाची तपासणी होती. तिने आखलेल्या इमारतीतून आपण स्वतःच फिरून आलो असे वाटावे, अशी दोन मिनिटांची फिल्म लॅपटॉप रात्रभर बनवणार होता. पहाटे पाच वाजता ती उठून पाहते तो काय, पडदा निळा पडलेला! फिल्मचा पत्ता नाही.

तिची हाक ऐकून धाकटा डोळे चोळत आला. पडद्याकडे पाहताच त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी फक्त थोडा स्पीड वाढवला होता," तो पुटपुटला.

लॅपटॉप घरात एकच. आईच्या भिशीचे पैसे सुरुवातीला भरले आणि उरलेले हप्त्यांनी. 'गेमिंग' हा शब्द ऐकूनच बाबांनी नाक मुरडले होते, पण त्यातले ग्राफिक्स कार्ड लेकीच्या कामालाही लागते म्हटल्यावर ते तयार झाले. दिवसा तो थोरलीचा, रात्री नऊनंतर धाकट्याचा, असा करार होता. तपासणीच्या आदल्या रात्री मात्र तो पूर्णपणे तिचा होता.

आठवड्यापूर्वी धाकट्याने एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला होता. ग्राफिक्स कार्डाचा वेग त्यातून वाढवता येतो. त्याने कार्डाचा वेग 150 मेगाहर्ट्झने वाढवला, त्याच्या मेमरीचा 600 ने, दोन्ही एकाच झटक्यात. का? तर मित्राच्या लॅपटॉपवर हे आकडे चालले होते. तासभर गेम खेळून पाहिला, काही बिघडले नाही. मग लॅपटॉप सुरू होताच हे आकडे आपोआप लागू व्हावेत, अशी खूणही करून टाकली. वेग वाढवला ते एक वेळ ठीक. पण ज्याच्या कामाची रात्र आहे त्याला सांगितले नाही, हे कोणत्याही घरात खपत नाही.

तपासणीत सरांनी नकाशे पाहिले आणि तीन आठवड्यांनी होणाऱ्या अंतिम ज्युरीला फिल्म हवीच, असे बजावले. थोरलीने घरी येऊन लॅपटॉप कपाटात ठेवला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि भावाशी बोलणे बंद केले. दोन खोल्यांच्या घरात अबोला फार जड होतो. "ताटं घ्या" हा निरोपही आईमार्फत जाऊ लागला.

चौथ्या दिवशी पुण्याहून मामा आले. आईचे थोरले भाऊ. त्यांनाही एके काळी हाच नाद होता. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर आला, तेव्हा ते मुंबईत शिकत होते. लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी तो आणला. त्याचा बसवेग 66 मेगाहर्ट्झ. तो 100 केला की 300 चा प्रोसेसर 450 वर धावायचा. त्या काळी जगभरच्या हौशी मंडळींमध्ये हा प्रोसेसर त्यासाठीच गाजला होता. मामांचा धावला. त्यांच्या खोलीतल्या मित्राने त्याच दुकानातून तसाच आणला, तो मात्र 450 वर सुरूच होईना.

"एकाच भट्टीतल्या दोन विटा सारख्या नसतात, तसंच चिपचं असतं," मामा धाकट्याला म्हणाले. "मित्राचे आकडे मित्रापाशी. आणि तुझा हा टेबलावरचा मोठा डबा नाही रे. दोन बोटं जाडीच्या पेटीत सगळं कोंबलेलं आहे. इथं खरी अडचण वेगाची नाही, उष्णतेची आहे."

थोरली दाराआडून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने कपाटाची किल्ली आणून टेबलावर ठेवली, कोणाकडे न पाहता.

मामांनी आधी काहीही न बदलता लॅपटॉप अर्धा तास कामाला जुंपला आणि पारा पाहिला. ग्राफिक्स कार्ड 87 अंशांवर आणि प्रोसेसर 98 वर. अशा बहुतेक इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिच्याजवळ पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे आपण वरून वेग वाढवायचा आणि तापला म्हणून त्याने तो आतून उतरवायचा. शिवाय पुष्कळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामायिक असतात. एक तापला की दुसराही तापतो.

मग पाळी आली साफसफाईची. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून लॅपटॉप घरी न उघडता सर्व्हिस सेंटरला नेला. पंख्याच्या जाळीत नमद्यासारखा धुळीचा थर निघाला आणि चिपवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून मिळाली. घरी आल्यावर आईने नेहमीप्रमाणे त्याला कूलरसमोर ठेवायला घेतले, तर मामांनी हात धरला. कूलरच्या हवेत ओलावा असतो, कधी तुषारही येतात. लॅपटॉप त्या झोताबाहेर, कडक टेबलावर, खाली दोन लाकडी ठोकळे लावून ठेवायचा. गादीवर तर कधीच नाही, कारण तिथे हवा आत घेण्याची जागाच बुजते. एवढ्यानेच पारा सात-आठ अंश उतरला.

"आता व्होल्टेज कमी करू," मामा म्हणाले आणि आई दचकली.

"दादा, काय बोलतोस! व्होल्टेज कमी झालं म्हणूनच आपला फ्रीज जळला होता ना? तेव्हापासून तर स्टॅबिलायझर आणलाय."

मामा हसले, पण शंका रास्त होती. दाब कमी पडला की फ्रीजची मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते आणि तापून जळते. चिपचे उलटे असते. कमी व्होल्टेजवर ती कमी वीज खाते आणि कमी तापते, तेही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. 0.90 व्होल्टऐवजी 0.80 व्होल्टवर तोच वेग मिळाला, तर चालू कामाला लागणारी वीज सुमारे एक पंचमांशाने घटते. कारखान्यातून निघताना प्रत्येक चिपला थोडे जास्तच व्होल्टेज ठरवून दिलेले असते, कारण त्यातल्या सर्वांत कमकुवत चिपनेही चालले पाहिजे. आपली चिप जरा बरी निघाली, तर ते जास्तीचे काढून घेता येते.

"आणि फारच कमी केलं तर?" थोरलीने विचारले. तिचे त्या संध्याकाळचे पहिले वाक्य.

"जळणार नाही. गणितं चुकवेल, अडकेल, बंद पडेल. पण तुझी फाइल जाऊ शकते, म्हणून आधी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर."

प्रोसेसरच्या बाबतीत घोडे अडले. त्याच्या व्होल्टेजची कळ कंपनीने बायॉसमध्येच कुलूपबंद केलेली होती. डिसेंबर 2019 मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची खोट उघड झाली. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून इंटेल प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती चोरता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले होते. त्यानंतर अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय बंद झाली. धाकट्याने लगेच जुना बायॉस शोधून चढवण्याची युक्ती सुचवली.

"आणि मध्येच लाइट गेली, चार्जर हलला, की हप्ते भरत बस त्या विटेचे!" मामांनी विषय तिथेच संपवला. त्याऐवजी त्यांनी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली. एवढ्या एका टक्क्याने त्याची जादा धाव, म्हणजे टर्बो, बंद होते. फिल्म बनवण्याचे मुख्य काम ग्राफिक्स कार्डच करत असल्याने थोरलीचे त्यात फारसे अडणार नव्हते. पारा सत्तरीत आला.

ग्राफिक्स कार्डाला मात्र कुलूप नव्हते. आधी धाकट्याचे सगळे वाढीव आकडे शून्यावर आणले. मग आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की वेग आणि व्होल्टेज यांचा आलेख उघडतो. त्यात नेहमीचाच वेग थोड्या कमी व्होल्टेजला बांधायचा आणि पुढची रेघ सपाट करायची. किती कमी? इथे धाकट्याच्या संयमाची कसोटी लागली. आईने हिशेबाची जुनी वही दिली. तारीख, व्होल्टेज, वेग, तापमान, किती वेळ चालला, असे रकाने आखले. एका वेळी एकच बदल. प्रत्येक पायरीवर तासभर गेम, आणि शिवाय थोरलीच्या खऱ्या फाइलचे काम. कारण गेममध्ये टिकलेला आकडा रात्रभराच्या कामात टिकेलच असे नाही, ही अक्कल त्या निळ्या पडद्याने विकत दिली होती. आपोआप लागू होण्याची खूण मात्र काढलेलीच ठेवली. म्हणजे काही अडकले तरी बंद करून पुन्हा सुरू केले की मूळ आकडे परत.

0.85 व्होल्ट चालले. 0.825 चालले. 0.80 ही चालले. 0.775 ला गेम चाळीस मिनिटे झकास चालला आणि मग थिजला. धाकट्याने वहीत लाल पेनाने फुली मारली आणि एक पायरी वर न थांबता दोन पायऱ्या वर, 0.825 वर येऊन थांबला. मेच्या उन्हाळ्यासाठी थोडी गाळलेली जागा असू द्यावी, हे मामांचे म्हणणे. कार्ड 87 वरून 76 अंशांवर आले होते. गंमत म्हणजे वेगाला हातही न लावता फिल्मची चाचणी पूर्वीपेक्षा लवकर संपली, कारण मधूनमधून धाप लागून थांबणे बंद झाले होते.

थोरलीनेही आपल्याकडून एक सुधारणा केली. पूर्वी ती सबंध फिल्म एकाच फाइलमध्ये काढत होती, म्हणून मध्ये बंद पडताच सगळेच गेले. आता तिने एकेक चित्र वेगळे साठवून शेवटी जोडायचे ठरवले. लॅपटॉप अडकला तरी नुकसान एका चित्राचे.

ज्युरीच्या आदल्या रात्री पुन्हा तेच टेबल, तीच घरघर. धाकटा खुर्ची ओढून बसला. "झोप जा, मी बघते," ती म्हणाली. तो हलला नाही. दर तासाला वहीत तापमान लिहीत राहिला. 75, 76, 76, 74. पहाटे साडेपाचला शेवटचे चित्र उमटले, तेव्हा तो वहीवर डोके ठेवून झोपला होता. थोरलीने फिल्म पेन ड्राइव्हवर घेतली आणि पंखा त्याच्याकडे वळवला.

ज्युरी पार पडली. जून उजाडला, पहिला पाऊस झाला, भिंती निवल्या. एका संध्याकाळी धाकटा बहिणीजवळ घुटमळत म्हणाला, "ताई, आता तुझं काम झालं. गार पण झालंय. थोडासा वेग वाढवून बघू? एका वेळी 15 मेगाहर्ट्झच."

तिने कपाटातून वही काढून त्याच्यापुढे टाकली. "आधी आजची तारीख लिही."