जुना लॅपटॉप, नवा टीव्ही आणि बाईंचा 'ळ'



माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भिंतीवरचा मोठा टीव्ही भेट दिला, हे आपणांस ठाऊकच आहे. टीव्ही बालवर्गाच्या खोलीत लागला. आता त्यावर दाखवायचे काय? माझ्या मनात एकच गोष्ट होती, आमच्या निवृत्त मराठीच्या बाईंचे पाठ.

बाईंनी हे पाठ २००९ सालच्या एका लॅपटॉपवर, सुट्टीच्या दिवशी बसून तयार केले होते. चित्र, खाली शब्द आणि सोबत बाईंच्या आवाजात उच्चार. आपल्या इंदूरच्या मुलांना देवनागरी वाचता येते, ती अडचण नाही. दिवसभर हिंदी कानावर पडते, म्हणून 'कमळ'चे 'कमल' होते आणि 'बाळ'चा 'बाल'. त्याहून अवघड 'च'. 'चार' आणि 'चारा' लिहिताना अक्षर एकच, पण मराठीत दोन्हींचा 'च' वेगळा. हिंदीत हा भेद नाही. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हा 'च' किती सहज निसटतो हे मी चांगले जाणते. तो फळ्यावर लिहून दाखवता येत नाही, ऐकवावाच लागतो.

पाठ पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावावेत, असे काहींनी सुचविले. आमच्या टीव्हीला सादरीकरणाची फाइल उघडता येत नाही. कार्यालयातल्या नव्या संगणकावर ती उघडली, पण 'कमळ'च्या जागी इंग्रजी डी, ई आणि मोठा जी! कारण पाठ कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे तीच रीत होती. फॉन्ट नसला की अक्षरे अशी उघडी पडतात. फॉन्ट आम्ही त्या संगणकावर घातला, पण तो कार्यालयातून हलवता येत नाही. तेव्हा जुना लॅपटॉपच टीव्हीला जोडायचे ठरले.

लॅपटॉपला निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले व्हीजीए तोंड. टीव्हीला फक्त एचडीएमआय. व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणले, एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ चा. फरक केवळ आकाराचा नाही. व्हीजीएच्या तारेतून लाल, हिरवा आणि निळा रंग विजेच्या कमी-जास्त दाबाच्या रूपाने जातात. एचडीएमआयमधून आकडे जातात, आणि आवाजही. म्हणून दोन टोके नुसती जोडून भागत नाही. मध्ये एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी चिप लागते आणि तिला वीज लागते, ती लॅपटॉपच्या यूएसबीमधून घ्यायची.

जेल रोडवरच्या एका दुकानात आम्हांला पहिल्यांदा उलटेच अडॅप्टर मिळाले, एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारे. दिसायला जुळे भाऊच, पण काम एकाच दिशेने करतात. ओळखण्याची खूण सांगते. लॅपटॉपकडचे टोक पंधरा पिनांचे, बाहेर आलेले हवे, आणि दुसऱ्या बाजूस एचडीएमआय केबल खुपसण्याची जागा हवी. शिवाय यूएसबीची आणि आवाजाची, अशा दोन बारीक तारा. आवाजाची तार हेडफोनच्या छिद्रात लावायची. ती नसलेले अडॅप्टर स्वस्त मिळते, पण आम्हांला ते काय कामाचे? चित्र दिसेल, बाई मुक्या!

जोडल्यावर टीव्हीच्या रिमोटने सोर्स बदलायचा आणि लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबायचे. ही सोय विंडोज ७ पासून आहे. चित्र आले, पण चारही कडा कापलेल्या. सर्वांत वरच्या ओळीचे अनुस्वार आणि वेलांट्या गायब. आता 'चिंच'चे 'चच' झाल्यावर मुलांनी काय वाचावे? टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार बदलला, तेव्हा अक्षरे पूर्ण दिसू लागली. व्हीजीएच्या टोकाचे दोन्ही स्क्रू मात्र आठवणीने आवळावेत. सैल राहिले की चित्रावर एखाद्या रंगाची छटा चढते.

आपल्या घरीही असा लॅपटॉप कपाटात पडला असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याचे तोंड पाहून घ्या. एचडीएमआय असेल तर साधी केबल पुरते, अडॅप्टरचा खर्चच नको.

पाठ सुरू झाले तेव्हा बालवर्गाने 'चारा' तीनदा म्हटले. दोन मुले अजून 'च्यारा'च म्हणतात. बाई आता पुण्याला मुलाकडे असतात, त्यांना फोनवरून वर्ग ऐकवला. त्या म्हणाल्या, "सातव्या पाठात माझा आवाज बसला होता, तेवढा पुन्हा करून पाठवते."

लॅपटॉपची बॅटरी गेली आहे, तो चार्जरवरच चालतो. हार्ड डिस्कचाही भरवसा नाही. सगळ्या पाठांच्या दोन प्रती करून ठेवल्या आहेत, पण कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून एकेक जोडाक्षर तपासायचे काम बाकी आहे. ज्या पालकांचे मराठी शुद्धलेखन पक्के आहे, त्यांनी शनिवारी दुपारी दोन तास द्यावेत. कार्यालयात नाव नोंदवावे. चहा शाळेकडून.