मल्लिक बाजार : जिथे अँबॅसिडर अजून सुटी मिळते

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटचे एक टोक म्हणजे हॉटेले आणि केकची दुकाने. तोच रस्ता धरून पुढे चालत गेले, की आचार्य जगदीशचंद्र बोस रोडच्या चौकात काळ्या ऑइलचा वास येऊ लागतो. इथे एका कोपऱ्यावर १७६७ सालची इंग्रजांची दफनभूमी आहे. आणि मोटारींची? तीही इथेच. तिचे नाव मल्लिक बाजार!

दारांचे ढीग, टांगलेले सायलेन्सर, फुटपाथवर मांडलेले गिअरबॉक्स. गिऱ्हाईक आले की किंमत नंतर, आधी प्रश्न येतो, "इंजिन कुठले?" कारण अँबॅसिडर बाहेरून सगळ्या सख्ख्या बहिणी दिसल्या, तरी पोटातून वेगळ्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या गाड्यांना १४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. पुढे १४८९ सीसीचे इंजिन आले आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. साहजिकच एकाचे हेड दुसऱ्यावर बसत नाही. मग डिझेल आले, नव्वदच्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले. त्याचा पिस्टन जुन्या गाडीत घालायला जाणे म्हणजे पैसे पाण्यात. गंमत म्हणजे तेच इसुझू इंजिन कॉन्टेसातही होते. त्यामुळे मोडीत निघालेली कॉन्टेसाही अँबॅसिडरच्या कामी येते. दारे मात्र बहुतेक वेळा जुळतात. पत्रा फारसा बदललाच नाही.

एक पिवळ्या टॅक्सीचा चालक काउंटरपाशी घुटमळतो आहे. गाडी २०१३ सालची, इंजिन धूर ओकते आहे.

"दादा, पूर्ण इंजिनच घेऊ का?"

"गाडीचे आयुष्य किती उरले, ते आधी मोजा," दुकानदार म्हणतो.

हिशेब कडू आहे. २००८ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने इथल्या व्यावसायिक गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा आली. म्हणजे ही टॅक्सी २०२८पर्यंत. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४मध्येच थांबला, तेव्हा बदली अँबॅसिडर मिळणार नाही. मुंबईकरांनी हे आधीच पाहिले आहे : १०८९ सीसीच्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांनी निवृत्त झाली.

बाजाराचे गणितही उलटे फिरते आहे. टॅक्सी मोडीत निघते तेव्हा माल वाढतो, पण त्याच वेळी एक गिऱ्हाईक कमी होते.

शिवाय दुसरे इंजिन बसवले, तर नवा नंबर आरटीओच्या नोंदीत चढवावा लागतो आणि त्यासाठी पावती हवी. कागदाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या इंजिनाचा मोह टाळलेलाच बरा.

चालक बोटांवर महिने मोजतो. घरी पाठवायचे पैसे, मुलीची फी. मग तो फक्त हेडचे काम करायचे ठरवतो. दुकानदार जुन्या गॅस्केटवर नवे गॅस्केट ठेवून भोके जुळवून पाहतो. सगळी जुळतात.