रेशनकार्डाशेजारचं कार्ड

कल्याणहून लोकलने ठाण्याला आलेल्या मावशींनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. ईसीजी, टूडी इको, जुनी बिलं, सगळं होतं. नव्हतं ते आयसीडीचं, म्हणजे छातीत बसवलेल्या, हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचं, कार्ड. "ते घरी, रेशनकार्डाशेजारी," मावशी म्हणाल्या. सुनेने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तेव्हा कुठे यंत्राचं आणि तारांचं मॉडेल कळलं.

मी एमआरआय तंत्रज्ञ. छातीत असं यंत्र असलेल्यांना पूर्वी सरळ परत पाठवायचे. 2011 मध्ये अमेरिकेत एमआरआयला चालणाऱ्या पेसमेकरला पहिली मंजुरी मिळाली. 2017 मध्ये मॅग्नासेफ अभ्यास आला. अशी मंजुरी नसलेल्या यंत्रांवर 1.5 टेस्लाचे दीड हजार स्कॅन झाले, आणि स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही. एक आयसीडी मात्र लगेच बदलावं लागलं. स्कॅनआधी त्याचं प्रोग्रॅमिंग नीट केलेलं नव्हतं. शिवाय त्या अभ्यासात छातीचे स्कॅन नव्हतेच. आमचं काम नेमकं छातीचं.

म्हणून आधी एक्स-रे. कार्डावर नसलेली, जुनी, सुटी राहिलेली तार त्यात दिसते. रेडिओलहरींनी तिचं टोक तापू शकतं. मावशींच्या एक्स-रेत तसं काही नव्हतं. मग कार्डिऑलॉजिस्टच्या देखरेखीखाली प्रोग्रॅमरवरून यंत्र एमआरआय मोडवर गेलं, म्हणजे शॉक बंद. आता गरज पडली तर शॉक बाहेरूनच द्यायचा, म्हणून डिफिब्रिलेटर दाराबाहेर तयार आणि माझी नजर नाडीच्या आकड्यावर.

पहिल्याच चित्रात हृदयाच्या पुढच्या भिंतीवर काळा डाग. तो आजार नव्हे, आयसीडीच्या धातूची करामत. डावा हात डोक्यावर घ्यायला लावला, यंत्र थोडं वर सरकलं. धातूची ही करामत कमी करणारा वाइडबँड सीक्वेन्स लावला. "श्वास सोडा... धरून ठेवा..." डाग आक्रसला आणि त्यामागचा व्रण दिसू लागला. त्या व्रणासाठीच तर हा सगळा खटाटोप.

स्कॅन संपला की घरच्यांना वाटतं, सुटलो. मावशी चपला शोधू लागल्या तशी मी त्यांना पुन्हा बसवलं. तारा तपासल्या, शॉक चालू झाला, त्याची छापील पट्टी फाइलला लावली. शॉक बंद ठेवून पेशंट लोकलमध्ये चढला, तर चित्रं कितीही सुंदर आली तरी काय उपयोग?

तुमच्या घरात कुणाला असं यंत्र बसवलं असेल, तर त्याचं कार्ड आजच रेशनकार्डाशेजारून काढा आणि पाकिटात ठेवा.