ट्रकाचा धूर आणि आमचा संशय

डिझेलचे इंजिन कसे चालते, हे सेमिनरीत कोणी शिकवीत नाही. तथापि खेड्यातील धर्मगुरूला ते कधी तरी शिकावेच लागते, आणि आम्हांला ते जरा महाग पडून शिकावे लागले. ट्रॅक्टर, पाण्याचे इंजिन किंवा जुना ट्रक यांपैकी एखादे यंत्र आज पुष्कळ घरी असते. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

2018 सालच्या जानेवारीतील ही गोष्ट. तेव्हा आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात होतो. धर्मग्रामाचा 1994 सालचा एक सहा सिलिंडरांचा ट्रक होता. हंगामात गावकऱ्यांचा ऊस त्यातून कारखान्यावर जाई. तोडलेला ऊस शेतात पडून राहिला की वाळून वजनाला घटतो. तेव्हा ट्रक एक दिवस उभा राहिला, तरी कोणाच्या तरी घरचे नुकसान ठरलेले.

नाताळ उलटला आणि गाडी बिघडू लागली. सकाळी ती लवकर सुरू होईना; सुरू झाली की बराच वेळ पांढरा धूर ओकी. भरलेली गाडी चढणीला दम टाकी, पाण्याचा काटा वर जाई. आणि लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी गाडी साडेतीनावर आली.

वाचकहो, हा शेवटचा आकडा आमच्या वहीत होता. आम्ही धुराकडे पाहिले नाही, वहीकडे पाहिले. आमचे ड्रायव्हरमामा बावीस वर्षे तो ट्रक चालवीत होते. ते सांगत होते, "फादर, इंजिनात काही तरी चुकतंय. मिस्त्रीला दाखवू या." एका संध्याकाळी, ऊसतोडणीचे गडी भोवती उभे असताना, आम्ही म्हणालो, "मामा, डिझेल इंजिनच पितं, की आणखी कोणी?"

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडी आणली की ते टाकीत काठी घालीत आणि काठीवरची ओली खूण मुकाट्याने आम्हांस दाखवीत. ती काठी पाहताना आम्हांला बरे वाटत नसे. पण बोललेले मागे घेण्यासही मन तयार होईना.

चौथ्या दिवशी भरला ट्रक चढणीवर तापून थांबला, तेव्हा कोठे बेळगावहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी मामांना विचारले, "कधीपासून? एकदम की हळूहळू? थंडपणी धूर कसला?" मग एअर फिल्टर पाहिला; तो स्वच्छ होता. डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे काय ते पाहिले, नव्हती. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका सिलिंडरच्या नळीचे नट जरासे सैल केले. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज सारखाच पडला. "एक नोझल बिघडलं असतं, तर तिथं आवाज बदलला नसता," ते म्हणाले. "दोष सगळ्यांचा सारखा आहे. टायमिंग बघू."

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा पडावा लागतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली जर्मनीत यशस्वी झाले. परंतु फवारा नेमका सोडणारा आटोपशीर पंप बॉश यांच्या कारखान्यातून 1927 साली बाहेर पडू लागला, तेव्हाच हे इंजिन ट्रकावर नीट बसले.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची नळी काढली. पंपातील डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग बाहेर घेऊन तेथे वाकडी नळी बसविली. तिच्यातून डिझेल वाहू लागले. पहिला सिलिंडर दाबाच्या फेरीत आणून, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, त्यांनी फ्लायव्हील हळूहळू फिरविले. उलट फिरविल्यास दात्यांतील ढिलाईमुळे माप चुकते. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंब थांबले. पंपातील दट्ट्या डिझेलची वाट बंद करतो तो हा क्षण. फवारा येथूनच सुरू होतो. फ्लायव्हीलवरील खूण पाहिली, तर नेमून दिलेल्या जागेपेक्षा दहा अंश उशीर!

पंपाच्या कपलिंगचे बोल्ट सैल झाले होते. लांबट भोकांत ते घसरत गेल्याची चकचकीत रेघ आम्ही डोळ्यांनी पाहिली. मिनिटाला 1800 फेरे घेणाऱ्या इंजिनात दहा अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. तेवढ्या उशिराने दट्ट्या खाली निघालेला असतो; जास्त उष्णता धुरात आणि पाण्यात जाते, ताकद उतरते, डिझेल जास्त लागते. चोर सापडला होता. तो चार बोल्टांचा होता.

मिस्त्रींनी कपलिंग खुणेवर आणून आवळले आणि मोजणी दुसऱ्यांदा केली. काही जण ताकद वाढावी म्हणून टायमिंग कानाने पुढे ओढतात. मग इंजिन खटखटते आणि दट्टे व बेअरिंगे जातात. तेव्हा मापावाचून पंपाला हात लावू नये. चालत्या नोझलच्या फवाऱ्यापुढे हात तर कधीच धरू नये. तो कातडीत शिरतो, आणि जखम लहान दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. नव्या गाड्यांत ही वेळ संगणक सांभाळतो; तेथे हा उपाय चालत नाही.

गाडी पुन्हा साडेचारावर आली. त्या संध्याकाळी तेच गडी अंगणात जमले असता आम्ही मामांची क्षमा मागितली. जे चौघांत बोललो, ते खोलीत बोलावून मागे घेणे पुरेसे नव्हते. मामा एवढेच म्हणाले, "फादर, उद्या पहाटे दोन खेपा करायच्या आहेत. ऊस वाळतोय."

ती काठी मात्र त्यांनी टाकली नाही. बरीच वर्षे ती ट्रकातच होती. आम्हीही ती टाका असे कधी म्हणालो नाही.