गळतीचा उगम

मोटारसायकलच्या इंजिनातले तेल जिथे ठिबकताना दिसते, तिथून ते सहसा गळत नसते. उगम वर, बहुधा पुढच्या बाजूला असतो. तेथून निघालेला थेंब सिलिंडरच्या पंखांमधून, बोल्टच्या डोक्यांना वळसा घालीत उतरतो. धावत्या गाडीवरचा वारा त्याला मागे ढकलतो. धूळ आणि चेनचे उडालेले वंगण त्यात मिसळते. आणि सर्वांत खालच्या टोकाशी साचून तो फरशीवर पडतो. आपल्याला दिसते ती केवळ अखेरची जागा.

वडिलांच्या पश्चात त्यांची शंभर सीसीची गाडी दोन वर्षे गावच्या घराच्या पडवीत उभी होती. सांगलीला आणून वापरायला लागल्यापासून ती गळू लागली. दोन गॅरेजांनी दोन निदाने केली. एकाने टॅपेट कव्हरची रबरी रिंग बदलली, दुसऱ्याने चेनच्या पुढच्या चक्रामागचे ऑइल सील. दोन्ही दुरुस्त्या आठ-दहा दिवस टिकल्या. अशा गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच यांना मिळून जेमतेम लिटरभर तेल असते, तेव्हा गळतीकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. त्यात नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आलेली. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागणार होती. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, भंगारात दे आता. तिच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होतोय.’’ हिशेब म्हणून त्याचे म्हणणे खोडण्याजोगे नव्हते.

तिसरे मिस्त्री वयस्क होते. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पान्याला हातही न लावता विचारले, ‘‘सर, गळतंय का पाझरतंय?’’ मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न विचारला जावा याचे मला हसू आले. पाझरणे, ठिबकणे, ओघळणे, गळणे यांतल्या अर्थच्छटा आपण वर्गात कवितेच्या निमित्ताने सांगतो. विद्यार्थी त्या परीक्षेपुरत्या लिहून घेतात. चाचांच्या लेखी ती वेगवेगळी निदाने होती. सांध्याची कड नुसती ओलसर होत असेल, पुसल्यावर दोन दिवस कोरडी राहत असेल, तर ते पाझरणे. त्यासाठी इंजिन उघडू नये. थेंब मोजता येऊ लागले की मात्र शोध घ्यायचा.

शोधाची रीत साधी होती. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतले, कोरडे केले, आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. तीन-चार किलोमीटरची फेरी मारून आलो, तर पांढऱ्या थरावर काळपट रेघा उमटलेल्या. रेघ धरून खालून वर जायचे आणि ती जिथे सुरू होते तिथे थांबायचे. अडचण अशी, की रेघा तीन निघाल्या आणि तिन्हींची सुरुवात निरनिराळ्या सांध्यांशी.

‘‘तीन सील एकदम जात नसतात, सर. आत हवा कोंडलीय.’’

हे वाक्य ऐकताना मला पाठचिकित्सेचा तास आठवला. अनेक हस्तलिखितांत तीच चूक आढळली, तर प्रत्येक लेखकू स्वतंत्रपणे चुकला असे आपण मानत नाही. ती सामाईक पूर्वजप्रतीतून आली असावी असे म्हणतो. भांडारकर संस्थेतले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे चालले. तिथे सुकथनकरांना छळणारी अडचणही चाचांच्या ओळखीची वाटली असती: प्रती एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे कोणता ओघळ कुठला हे सहज सांगता येत नाही. फरक एवढाच, की मूळ प्रत कधी हाती लागत नाही. चाचांना मात्र नळी उपसून पाहता येत होती.

ती नळी म्हणजे ब्रीदर. पिस्टन खाली येताना इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते, शिवाय ज्वलनाचे थोडे वायू रिंगांमधून खाली निसटतात. या दाबाला बाहेर पडायला एक रबरी नळी ठेवलेली असते. ती बुजली, की दाब सर्वांत दुबळा सांधा शोधतो. तो नवा केला, तर त्याच्या खालोखालचा. दोन्ही गॅरेजांनी बसवलेले भाग चांगलेच होते, असे चाचांनी आवर्जून सांगितले.

खाली मोकळ्या लोंबणाऱ्या त्या नळीच्या तोंडाशी वाळलेल्या चिखलाचा गट्टू निघाला. कुंभारीण माशीचे घर. तार घालून फोडले, तेव्हा आत कोळ्यांच्या वाळक्या तंगड्या होत्या. अळीसाठी ही माशी कोळी साठवून ठेवते. गाडी पडवीत उभी असताना तिने सवडीने हे बांधले असणार.

नळी धुऊन तोंडाला बारीक जाळी बांधली आणि रिंग तेवढी पुन्हा नवी घातली. मजुरी दोनशे रुपये. महिनाभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, तो कोरडा राहिला. भावाला फोन करून सांगितले, की नूतनीकरणाचा अर्ज भरतो आहे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘नंबर तोच राहतो ना रे?’’